ठिणगी, सुकाणू आणि एक बॅटरी

पेट्रोल इंजिन बसवलेल्या रेडिओनियंत्रित मॉडेल विमानाला वीज दोन ठिकाणी लागते. जमिनीवरून आलेले संदेश पकडणारा रिसीव्हर आणि त्या संदेशांनुसार सुकाणू, पंखांवरील झडपा व थ्रॉटल हलवणाऱ्या सर्व्हो मोटरी ही एक बाजू. सिलिंडरमधील इंधनमिश्रण पेटवणारी इग्निशन यंत्रणा ही दुसरी बाजू. या दोन्ही बाजूंना स्वतंत्र बॅटऱ्या द्याव्यात की एकाच बॅटरीतून दोघींची गरज भागवावी, हा प्रश्न वरवर पाहता वजनाचा आणि सोयीचा वाटतो, परंतु त्याच्या मुळाशी अधिक गंभीर प्रश्न आहे, तो असा की हवेत असताना विमानातील एक यंत्रणा बंद पडली, तर दुसरीने चालू राहावे की राहू नये.

या वादातील दोन पक्षांना येथे विभक्तवादी आणि एकत्रवादी असे म्हटले आहे. विभक्तवाद्याची जडणघडण अमेरिकेतील मोठ्या मॉडेलांच्या मैदानांवर, ७२ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओसंचांच्या काळात झाली असून स्वतंत्र बॅटरी हा त्याच्या दृष्टीने तडजोडीचा विषय नाही. एकत्रवादी हा वीजपुरवठ्याचे परिपथ आखणारा अभियंता आहे, आणि एखादा नियम कोणत्या कारणासाठी जन्मला व ते कारण आजही शिल्लक आहे का, हे तपासल्याशिवाय तो नियम स्वीकारत नाही.

वाद समजण्यासाठी इग्निशनचे काम आधी पाहावे लागते. टू-स्ट्रोक इंजिनात, म्हणजे क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा इंधन पेटवणाऱ्या इंजिनात, प्रोपेलरच्या बुडाशी फिरणाऱ्या भागात एक लहान चुंबक बसवलेले असते आणि त्याच्यासमोर इंजिनाच्या स्थिर भागावर हॉल संवेदक असतो, म्हणजे चुंबक जवळून गेले की विद्युत्‌ संकेत देणारा अर्धवाहकाचा तुकडा. इग्निशनच्या डबीत बॅटरीचे पाच-सहा व्होल्ट आधी काही शे व्होल्टपर्यंत चढवून एका कपॅसिटरमध्ये साठवले जातात. संवेदकाचा संकेत येताच थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच मिटतो, साठवलेली ऊर्जा एकदम कॉइलमध्ये शिरते, कॉइल तिचे हजारो व्होल्ट करते आणि स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी पडते. दुचाकी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांत ‘सीडीआय’ म्हणून ओळखली जाणारी यंत्रणा तत्त्वतः हीच होय. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला १२० ठिणग्या पडतात. त्या वेळी इग्निशन ६ व्होल्टला ०.६ अँपिअर प्रवाह घेत असेल असे धरले, तर ३.६ वॉट खर्च होतात आणि प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला बॅटरीतून अवघी ३० मिलिज्यूल ऊर्जा येते. यांपैकी ०.६ अँपिअर ही संख्या पुढच्या वादात महत्त्वाची ठरते.

मॉडेल विमानात बॅटरीवर ठिणगी पाडण्याची पद्धत रेडिओनियंत्रणाहून जुनी आहे. १९३३ च्या अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत मॅक्सवेल बॅसेट या तरुणाने विल्यम ब्राउनच्या छोट्या पेट्रोल इंजिनावर उडणाऱ्या मॉडेलाने रबराच्या पिळावर उडणाऱ्या मॉडेलांना मागे टाकले, आणि पुढे ‘ब्राउन ज्युनिअर’ हे इंजिन हौशी मंडळींमध्ये रूढ झाले. त्या काळी इंजिन चालू करताना जमिनीवरची मोठी बॅटरी जोडायची आणि ते तापून स्थिरावले की विमानातील लहान सेलांवर सोडायचे अशी रीत होती, कारण वर नेण्याचा प्रत्येक ग्रॅम मोजावा लागे. १९४७ मध्ये रे आर्डेन याने ग्लो प्लग बाजारात आणला. या प्लगमधील तारेचे वेटोळे सुरुवातीला बॅटरीने तापवले की पुढे ज्वलनाच्या उष्णतेवर आणि मिथेनॉलच्या सान्निध्यात स्वतःच तप्त राहते, त्यामुळे कॉइल, कंडेन्सर आणि सेल हे सारे ओझे विमानातून एकदम उतरले. पेट्रोल परत आले ते मोठ्या आकाराच्या मॉडेलांबरोबर, आणि पेट्रोलबरोबर ठिणगीही परत आली. परंतु आता त्याच सांगाड्यात रेडिओ आधीपासून वस्तीला होता.

विभक्तवाद्याचा पहिला मुद्दा नेमका येथून निघतो.

विभक्तवादी : ठिणगी हा स्वतःच एक ट्रान्समीटर आहे, हे आपण विसरू नये. रेडिओच्या आरंभकाळात संदेश पाठवण्यासाठी मुद्दाम ठिणग्याच पाडल्या जात असत. विमानाच्या नाकात सेकंदाला शंभराहून अधिक वेळा असा ट्रान्समीटर धडधडत असताना, त्याच्यापासून हातभर अंतरावर मैदानाच्या टोकाहून येणारा क्षीण संकेत ऐकत बसलेल्या रिसीव्हरला तारेने त्याच्याशी जोडून ठेवणे, हे कोणत्याही काळजीवाहू माणसाला पटणारे नाही. म्हणूनच आमच्या पिढीने इग्निशनची प्रत्येक वस्तू रिसीव्हरपासून किमान फूटभर दूर ठेवली, थ्रॉटलचा दांडा धातूऐवजी नायलॉनचा वापरला आणि बॅटऱ्या वेगळ्या ठेवल्या. या तीन गोष्टींपैकी एक काढली तर उरलेल्या दोहोंचा उपयोग काय?

एकत्रवादी : उपयोग पुष्कळ आहे, कारण या तिन्ही गोष्टी एकाच शत्रूविरुद्ध नाहीत. ठिणगीचा उपद्रव रिसीव्हरपर्यंत दोन वाटांनी पोचतो. पहिली वाट हवेतून, प्लगच्या तारेतून फेकल्या जाणाऱ्या लहरींची. तिला अडवते ते तारेवरचे धातूच्या जाळीचे वेष्टण, जे दोन्ही टोकांना इंजिनाच्या आणि डबीच्या धातूशी घट्ट जोडलेले असावे लागते. दुसरी वाट वीजपुरवठ्याच्या तारांची आणि धातूच्या दांड्यांची. बॅटऱ्या वेगळ्या केल्याने हवेतील वाट तसूभरही अरुंद होत नाही. आपण ज्या काळाचा दाखला देता त्या काळी रिसीव्हर ७२ मेगाहर्ट्‌झवर ऐकत होते आणि ठिणगीच्या गोंगाटाचा जोर त्या पट्ट्यात भरपूर असतो. आज बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात, त्या उंचीवर हा गोंगाट फार विरळ झालेला असतो, शिवाय संकेत एका ठरावीक वारंवारतेवर अवलंबून न राहता विस्तीर्ण पट्ट्यात पसरवलेला असतो.

विभक्तवादी : हवेतील वाटेबद्दल आपले म्हणणे मान्य. पण आजचा रिसीव्हर हा लहानसा संगणकही आहे, आणि तारेतून आलेल्या एखाद्या टोकदार धक्क्याने त्याचे काम क्षणभर थांबून तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. जुना रिसीव्हर गोंगाटात चाचपडत असे, पण गोंगाट ओसरताच ऐकू लागे. नवा रिसीव्हर जागा होऊन पुन्हा ट्रान्समीटरशी दुवा जुळवेपर्यंत विमान कुठे गेलेले असेल?

हा आक्षेप खरा आहे, आणि एकत्र पुरवठ्याचे समर्थक तो टाळतात तेव्हा त्यांची बाजू दुबळी होते. त्याचे उत्तर गाळणीत आहे. इग्निशनकडे जाणाऱ्या तारेत एक वेटोळे आणि धन व ऋण तारांच्या मध्ये एक कपॅसिटर बसवला, तर वेटोळे प्रवाहातील झटपट बदलांना विरोध करते आणि कपॅसिटर उरलेले चढउतार जागच्या जागी शोषून घेतो. स्थिर प्रवाह मात्र वेटोळ्यातून निर्वेध जातो. त्याच्या जोडीला फेराइटचे कडे तारांवर चढवले जाते, जे दोन्ही तारांतून एकाच दिशेने वाहणाऱ्या उच्च वारंवारतेच्या गोंगाटाला अडवते. अशी गाळणी, विजेचा दाब (व्होल्टेज) स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आणि दुरून इग्निशन बंद करण्याचा स्विच एकाच डबीत देणारी साधने बाजारात मिळतात आणि बॅटरी सामायिक करणारे बहुतेक जण तीच वापरतात. अशा गाळणीशिवाय इग्निशनची तार रिसीव्हरच्या रिकाम्या खोबणीत खुपसणे याला कोणताही पक्ष सामायिक पुरवठा म्हणणार नाही. तो निव्वळ निष्काळजीपणा आहे.

विभक्तवादी : गोंगाट बाजूला ठेवू. दाबाचे काय? निकेल-कॅडमियमच्या चार सेलांची ४.८ व्होल्टची बॅटरी आम्ही वापरत होतो. तिच्यातला एक सेल आतून शॉर्ट झाला की ३.६ व्होल्ट उरतात, आणि सर्व्होंनी एकदम जोर लावला की रिसीव्हर त्या दाबावर तग धरत नाही. त्याच बॅटरीवर आणखी एक भार लादावा, असे आपण सुचवता.

एकत्रवादी : भार किती, हे मोजावे. पूर्ण वेगात ०.६ अँपिअर धरले तरी दहा मिनिटांच्या उड्डाणात इग्निशन १०० मिलिअँपिअर-तास खाते. ज्या मॉडेलात ५० घनसेंटिमीटरचे इंजिन आहे, त्यातील पाच-सहा डिजिटल सर्व्हो एकाच वेळी जोर लावतात तेव्हा क्षणभर दहा अँपिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो. दाब पाडणारा खरा भार तो आहे. इग्निशन त्याच्यापुढे किरकोळ. आणि बॅटरीही पूर्वीची राहिलेली नाही. लिथियम-लोह-फॉस्फेटच्या दोन सेलांची ६.६ व्होल्टची, २,३०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी घ्या. तिचा अंतर्गत रोध दोन्ही सेलांचा मिळून सुमारे २० मिलिओहम धरला, तर दहा अँपिअरला दाब जेमतेम ०.२ व्होल्टने उतरतो. त्यापेक्षा अधिक दाब आपल्या बारीक तारांत, जुनाट स्विचांत आणि कनेक्टरांत खर्च होत असतो.

येथे एकत्रवाद्याने सूचित केलेला भेद विस्ताराने पाहण्याजोगा आहे, कारण बॅटरी सामायिक असणे आणि तार सामायिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी असूनही मैदानावरच्या चर्चेत त्या सर्रास एक मानल्या जातात. २२ गेजच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ५३ मिलिओहम असतो. बॅटरी रिसीव्हरपासून अर्धा मीटर दूर असेल, तर जाण्यायेण्याचा मिळून एक मीटर होतो आणि सर्व्होंचे दहा अँपिअर त्यातून वाहताना अर्धा व्होल्ट तारेतच खर्च होतो. इग्निशनने आपला पुरवठा या तारेच्या पलीकडच्या टोकाहून, म्हणजे रिसीव्हरपासून घेतला, तर सर्व्होंचा प्रत्येक हिसका इग्निशनला आणि इग्निशनचा प्रत्येक ठोका रिसीव्हरला जाणवतो. त्याच इग्निशनच्या दोन्ही तारा थेट बॅटरीच्या अग्रांपासून निघाल्या, तर दोघांच्या मधला समाईक रोध केवळ बॅटरीच्या पोटातला उरतो, आणि आजच्या सेलांत तो नगण्य आहे. वडिलोपार्जित विहीर समाईक ठेवून पाट मात्र वेगळे काढावेत, तसा हा प्रकार आहे. विभक्तवाद्यांनी पाहिलेल्या पुष्कळशा अपघातांचे मूळ पाट एक असण्यात होते, असे मानण्यास जागा आहे.

एवढे झाल्यावर विभक्तवादी आपला सर्वांत भक्कम युक्तिवाद मांडतो.

विभक्तवादी : प्रवाह आणि दाब यांचे गणित आपण जिंकलात असे धरू. तरी माणूस बसून जाणाऱ्या विमानांकडे पाहा. लायकमिंगच्या पिस्टन इंजिनांवर परंपरेने दोन मॅग्नेटो असतात, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, आणि मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यातून वीज निर्माण करणारे यंत्र असल्यामुळे विमानाची बॅटरी पूर्ण मेली तरी ठिणगी पडत राहते. रोटॅक्स ९१२ या इंजिनातही दुहेरी सीडीआय आहे आणि तिची वीज इंजिनातल्याच जनित्राच्या वेटोळ्यांतून येते. ज्यांनी या विषयात सर्वाधिक विचार केला त्यांनी ठिणगीला समाईक बॅटरीच्या दावणीला बांधलेले नाही. मॉडेलकारांनी त्यांच्याहून शहाणे व्हावे काय?

एकत्रवादी : त्यांच्याहून शहाणे होण्याचा प्रश्न नाही, त्यांची गरज आपल्या नेमकी उलट आहे. माणूस बसलेल्या विमानात वैमानिकाचे हातपाय तारांनी आणि दांड्यांनी सुकाणूशी जोडलेले असतात. विद्युत्‌ यंत्रणा मेली तरी विमान त्याच्या ताब्यात असते, म्हणून इंजिन चालू राहणे हेच त्याच्या जिवाच्या हिताचे. मॉडेलात ताबाच विजेचा आहे. रिसीव्हरची बॅटरी मेली की सुकाणू गेले, आणि थ्रॉटलची सर्व्हो ज्या स्थितीत असेल तेथेच गिअरांच्या घर्षणाने अडकून राहते. त्या क्षणी थ्रॉटल पूर्ण उघडा असेल आणि इग्निशनला स्वतःची, भरलेली, निरोगी बॅटरी असेल, तर काय होईल? सात-आठ किलोचे, बावीस इंची प्रोपेलर फिरवणारे, कोणाच्याही ताब्यात नसलेले विमान पूर्ण शक्तीने उडत राहील. आपली स्वतंत्र बॅटरी त्या वेळी नेमके काय वाचवत असेल?

या प्रश्नात वादाचा गाभा आहे. इंजिन बंद पडलेले मॉडेल तरंगत खाली आणता येते. अनुभवी उडवणाऱ्याला त्यात विशेष संकट वाटत नाही. ताबा गेलेले आणि इंजिन चालू असलेले मॉडेल हे मात्र मैदानावरील प्रत्येकासाठी संकट असते. म्हणजे दोन बिघाडांचे मोल सारखे नाही, आणि त्यामुळे स्वातंत्र्यही दोन्ही दिशांनी सारखे इष्ट ठरत नाही. इग्निशनच्या बिघाडाने रिसीव्हर मरता कामा नये. परंतु रिसीव्हर मेल्यावर इग्निशनने जगता कामा नये. बसून उडवायच्या विमानाच्या रचनेत ठिणगी विद्युत्‌ यंत्रणेपेक्षा अधिक काळ टिकावी लागते, तर मॉडेलात ती नियंत्रणाच्या मागे क्षणभरही उरता कामा नये. स्वतंत्र बॅटऱ्यांचा नियम पहिली अट पाळतो आणि दुसरी, जोडीला दुसरे काही नसेल तर, मोडतो; भाबडेपणाने सामायिक केलेली बॅटरी दुसरी पाळते आणि पहिली मोडते. चांगली रचना तीच, जी दोन्ही पाळते. झेनोआच्या काही मॉडेल इंजिनांवरील मॅग्नेटो या कसोटीला सर्वांत कमी उतरतो, कारण तो बंद करण्यासाठी त्याची तार जमिनीशी, म्हणजे इंजिनाच्या धातूशी, जोडावी लागते, आणि ती तार तुटली तर इंजिन थांबवण्याचा मार्गच खुंटतो. बॅटरीवरील इग्निशनची तार तुटली तर इंजिन आपोआप थांबते.

विभक्तवादी : दुसऱ्या अटीसाठी बॅटरी एक करण्याची गरज नाही. प्रकाशावर चालणारा किल स्विच वर्षानुवर्षे मिळतो. रिसीव्हरच्या विजेवर एक बारीक दिवा लागतो, त्याच्यासमोर प्रकाशाने चालू होणारा ट्रान्झिस्टर असतो, आणि तो इग्निशनच्या बॅटरीचा मार्ग उघडतो. दोहोंच्या मध्ये केवळ प्रकाश. तारेचा संबंध नाही. रिसीव्हर मेला की दिवा विझतो आणि इग्निशन बंद. रिसीव्हर जिवंत असून संकेत हरवला, तर फेल-सेफची पूर्वनिश्चित आज्ञाही दिवा विझवते. आपल्या दोन्ही अटी पूर्ण झाल्या आणि बॅटऱ्या वेगळ्याच राहिल्या.

एकत्रवादी : हे मान्य करावेच लागेल. मात्र बॅटरी सामायिक केली की तोच प्रकाशाचा स्विच विलगीकरणाच्या कामाचा राहत नाही, कारण ऋण तारा बॅटरीपाशी जोडलेल्याच असतात. तेथे तो फक्त दुरून बंद करण्याचे साधन उरतो आणि विलगीकरणाचा सारा भार गाळणीवर पडतो. हे न कळल्यामुळे पुष्कळ जण प्रकाशाचा स्विच बसवून निर्धास्त होतात. आता एक प्रतिप्रस्ताव ऐकावा. आपल्या रचनेत दोन बॅटऱ्या आहेत, पण रिसीव्हरच्या वाट्याला त्यांतली एकच. ती गेली की विमान गेले. त्याच दोन बॅटऱ्या, तेवढ्याच वजनाच्या, एकमार्गी डायोडांतून एका समाईक पट्टीला जोडाव्यात आणि पट्टीवरून रिसीव्हर व गाळणीमार्गे इग्निशन चालवावे. मग कोणतीही एक बॅटरी, तिचा स्विच वा तिचा कनेक्टर गेला तरी काहीच मरत नाही. वजन तेच, आणि सुकाणूला दोन आधार.

विभक्तवाद्याने या प्रस्तावावर दिलेले उत्तर विरोधाचे नसून अटींचे आहे, आणि त्यातच त्याच्या दीर्घ अनुभवाचे मोल दिसते. इग्निशनची डबी इंजिनाच्या कंपनात, पेट्रोल-तेलाच्या चिकट थरात आणि उष्णतेत राहते; विमानातील सर्व विद्युत्‌ साधनांपैकी तिचीच तार घासून उघडी पडण्याची शक्यता जास्त. ती तार शॉर्ट झाली तर दोन्ही बॅटऱ्या मिळून त्या शॉर्टला प्रवाह पुरवतील आणि समाईक पट्टीचा दाब कोसळेल. फ्यूज वितळेपर्यंत जो वेळ जातो तेवढ्यात रिसीव्हर झोपलेला असेल, म्हणून साध्या फ्यूजऐवजी प्रवाह मर्यादेत राखणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हवा, आणि तो पट्टीच्या अगदी जवळ हवा, जेणेकरून त्याच्या अलीकडची असंरक्षित तार बोटभरच राहील. लिथियम-पॉलिमरचे दोन सेल पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देतात. इग्निशन जुने, सहा व्होल्टचे असेल, तर रेग्युलेटरला ०.६ अँपिअरला जवळजवळ दीड वॉट उष्णता सोडावी लागते, त्यामुळे त्याला हवेशीर जागाही हवी.

हाताने चालवायच्या स्विचाबद्दल दोघांत मतभेद नाही. मोठ्या मॉडेलांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे अमेरिकेत ‘आयएमएए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या सुरक्षा-नियमांत, बॅटरीवरील इग्निशनचा पुरवठा रेडिओच्या मदतीशिवाय, हाताने तोडता येईल असा स्विच विमानावर असावा आणि तो उडवणाऱ्याच्या व मदतनिसाच्या सहज हाताशी असावा, अशी अट आहे. सामायिक पुरवठ्यात ही अट अधिकच कळीची ठरते, कारण रिसीव्हर चालू करताना इग्निशनही चालू होत असेल, तर सर्व्हो तपासण्यासाठी विमान जिवंत करणाऱ्याने नकळत प्रोपेलरही जिवंत केलेला असतो, आणि कोणी तो सहज हाताने फिरवला तर एका ठिणगीत बोटे जाऊ शकतात. त्यामुळे इग्निशनचा वेगळा स्विच आणि ते चालू असल्याचे सांगणारा, दिवसाच्या उजेडात दिसणारा दिवा, या दोन गोष्टी बॅटऱ्या कितीही असल्या तरी सुटत नाहीत.

मतभेद उरतो तो लहान मॉडेलांपुरता. २० घनसेंटिमीटरच्या इंजिनाचे विमान हलके असते, दुसरी बॅटरी वाहणे त्याला जड जाते, आणि तेथेच एका बॅटरीचा मोह सर्वांत जास्त असतो. एकत्रवाद्याच्या मते लोह-फॉस्फेटची एक चांगली बॅटरी, तिच्या अग्रांपासून निघालेले दोन स्वतंत्र मार्ग, इग्निशनच्या मार्गात वर सांगितलेला रेग्युलेटर आणि दोन स्वतंत्र स्विच एवढे असल्यास ते रास्त आहे, कारण स्वतंत्र इग्निशन-बॅटरी काढून टाकल्याने सुकाणूच्या सुरक्षिततेत काहीच उणे होत नाही. ती बॅटरी सुकाणूसाठी कधी नव्हतीच. विभक्तवाद्याला हे पटत नाही. त्याच्या मते एकटी बॅटरी इग्निशनच्या शॉर्टला सामोरी गेली तर सुकाणू वाचवायला तेथे दुसरे कोणी नसते, आणि रेग्युलेटरवर ठेवलेला विश्वास हा अजून एका सुट्या भागावर ठेवलेला विश्वास आहे. या शेवटच्या मुद्द्यावर विभक्तवाद्याचे पारडे जड वाटते, निदान जोवर त्या रेग्युलेटरमधून बाहेर जाणाऱ्या तारा जमिनीवर प्रत्यक्ष शॉर्ट करून आणि त्या वेळी रिसीव्हरचा दाब मोजून खात्री केलेली नाही तोवर. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. तिच्यानंतर ट्रान्समीटरची शक्ती कमी करून, आधी इंजिन बंद ठेवून आणि मग ते मंद गतीपासून पूर्ण वेगापर्यंत चालवून, विमान कोणीतरी घट्ट धरलेले असताना, ताब्याचे अंतर दोन्ही वेळा सारखेच येते का हे पाहायचे असते. दुसऱ्या वेळी ते कमी भरले तर दोष प्लगच्या टोपीखालील सैल वेष्टणात आहे की वीजपुरवठ्यात, हे ठरवण्यासाठी इग्निशनला तात्पुरती वेगळी बॅटरी जोडून तीच चाचणी पुन्हा करावी लागते.